दहावा ठिपका

पहिला पेशंट सकाळी सातला फ्रीजमधून येतो.
त्याला नाव नाही, वय नाही,
उपाशीपोटी आलात का, हे विचारायचं नाही.
बाटलीच्या तळाशी पिवळट भुकटी, तिच्यात मोजून पाणी,
मग हळू उलटी-सुलटी करायची, फेस न आणता,
तान्ह्याला कूस बदलून द्यावी तशी.
त्याची साखर आम्हाला आधीच ठाऊक असते: नव्वद.
परीक्षा त्याची नसते.
मशिनची असते, आणि माझी.

शाहूपुरी, तिसरी गल्ली, जिन्याखालची लॅब.
भिंतीवर आलेखाचा कागद.
मधे नव्वदची रेघ, वर चौऱ्याण्णवची, खाली शहाऐंशीची,
रोज एक ठिपका, पेन्सिलनं.
कॉम्प्युटरही काढतो, पण उपाध्ये मॅडम म्हणतात,
हातानं काढलेला ठिपका घरी जाताना सोबत येतो.

ब्याण्णव. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. ब्याण्णव.
सगळे कुंपणाच्या आत.
सहाव्या दिवशी मी थोडी थांबले.
नूरजहाँ म्हणाली, "आत हाय न्हवं? मग सोड की."
सोडलं. बाहेर बाकावर माणसं उपाशी बसलेली.

किरणोत्सवाचे दिवस होते ते.
शेजारच्या वहिनी सांगत आल्या,
किरणं कमरेपर्यंत चढली आणि तिथंच विरली.
कुणी ढगाला दोष दिला, कुणी नव्या इमारतीला.
सूर्य कुठवर पोचला हे बोटांनी मोजणारं हे गाव,
मी त्याच गावची,
आणि माझ्या भिंतीवरचे सात ठिपके
एकाच अंगाला कलंडलेले.

त्याच आठवड्यात केरबा वरुटे येऊन गेला,
वडणग्याचा गुळव्या, सदऱ्याला काकवीचा वास.
उपाशीपोटी साखर: एकशे सत्तावीस.
एकशे सव्वीसची वेस ओलांडलेली, एका पावलानं.
रिपोर्ट हातात धरून तो एवढंच म्हणाला,
"गुळाला बोट लावायचं न्हाई,
तर पाक कळायचा कसा?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिक्का होता. मारला.

नऊ ठिपके एका बाजूला पडले
तर योगायोग म्हणून डोळा चुकवता येतो.
दहावा पडला: एक्क्याण्णव.
किती शहाणा आकडा, किती मर्यादशील!
पण योगायोगालाही थोडी लाज असते.

मशिन बंद केलं. वही उलटी चाळत गेले.
तीन तारीख. कॅलिब्रेटरची नवी बाटली.
पाणी पाच मिली. सही माझी.
त्या सकाळी धाकट्याच्या शाळेतून फोन आला होता,
खांद्याला मोबाईल, हातात पिपेट.
तीन थेंब जास्त गेले असतील.
तीनच.
आणि दहा दिवस अख्ख्या गल्लीची साखर
तेवढीच गोड होत राहिली.

मॅडम रागावल्या नाहीत, त्यानं जास्त लागलं.
"यादी काढ. फोन तूच कर. पैसे घ्यायचे नाहीत."
एकेचाळीस फोन.
"चूक आमची आहे" हे वाक्य
पहिल्यांदा घशात अडकलं,
विसाव्यांदा नुसतं वाक्य झालं,
केरबाच्या वेळी पुन्हा अडकलं.

नव्या रक्तात एकशे तेवीस.
"म्हंजे सुटलो?"
"सुटला नाहीत. वेशीच्या अलीकडं आहात."
तो हसला. "पाकाचंबी तसंच असतंय, ताई.
एक उकळी जादा, की ढेप काळी.
आमाला ते ढेप फुटल्यावर कळतंय."
खिशातून कागदाची पुडी काढली,
ठेवू की नको असं करत ठेवलीच टेबलावर.
लॅबमध्ये खायचं नसतं.
ती मी पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी सातला
नवी बाटली, पाच मिली, फोन ड्रॉवरमध्ये.
आकडा यायला लागतात ती मिनिटं
मी भिंतीकडं पाठ करून उभी राहिले.

एकोणनव्वद.
रेघेच्या खाली, इवलासा.
पेन्सिलला टोक नव्हतं, तरी काढला.
नूरजहाँ विचारत होती,
"एकोणनव्वदला हसण्यासारखं काय हाय गं?"